आरोग्याचे मोजमाप आणि न्याय

एका प्रदेशाच्या आरोग्यसेवेची दुसऱ्या प्रदेशाच्या सेवेशी तुलना करावी काय, आणि करावी तर कोणत्या मापाने, हा प्रश्न वरकरणी सांख्यिकीचा भासतो; वस्तुतः तो नीतीचा आहे. निती आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्यांच्या आरोग्याचा पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हा मोठ्या राज्यांत केरळ पहिले व उत्तर प्रदेश शेवटचे ठरले. डिसेंबर २०२१ मधील चौथ्या अहवालातही ही दोन टोके कायम होती. तथापि वर्षभरात कोण किती पुढे सरकले हे पाहिले असता तेच उत्तर प्रदेश अग्रस्थानी आले. राज्य तेच, अहवालही तोच. बदलला तो प्रश्न. कोठे उभा आहेस असे विचारावे, की किती चाललास असे विचारावे, हे गणित आपल्याला सांगत नाही.

बरे, मोजावयाचे ते तरी काय? अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका लेखात दाखवून दिले, की बालमृत्यू अत्यल्प व आयुर्मान दीर्घ असलेल्या केरळात ‘आम्ही आजारी आहोत’ असे सांगणारे लोक बिहारपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. याचे रहस्य उघड आहे. जेथे शाळा आहे, दवाखाना आहे, तेथे माणूस दुखण्याला दुखणे म्हणावयास शिकतो. जेथे दोन्ही नाहीत, तेथे खोकला हा वयाचा भाग ठरतो आणि बाळंतिणीचा अशक्तपणा नशिबाचा. केवळ तक्रारी मोजल्या, तर मुकेपणालाच निरोगीपणाचे प्रशस्तिपत्र द्यावे लागेल! प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीचेही असेच आहे. रुग्ण थोडे, याचा अर्थ गाव धडधाकट आहे असाही होईल, किंवा डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो असाही होईल.

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत वैद्यकी करणारे ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला: जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तेथे चांगली सेवा सर्वांत कमी. या गृहस्थांनी स्वतः काय केले ते अधिक विचारार्ह वाटते. दारी येणाऱ्या रुग्णांवरच समाधान न मानता त्यांनी आपल्या यादीतील, तक्रार नसलेल्या माणसांचाही रक्तदाब मोजावयास घेतला. येथे मोजणे हीच सेवा झाली. जो आला नाही त्याचीही मोजदाद करणे, यात एक प्रकारची आपुलकी आहे, आणि माझ्या मते प्राथमिक आरोग्यसेवेची खरी कसोटी हीच.

याच्या उलट अनुभव त्याच देशाने पुढे घेतला. २००४ साली ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्यांच्या मानधनाचा मोठा भाग १४६ निकषांवरील गुणांशी जोडण्यात आला. काही रोगांची निगा प्रारंभी सुधारली. मात्र पुढे ती गती मंदावली, दमा व हृदयविकार यांच्या बाबतीत ज्या गोष्टींना गुण नव्हते त्यांच्याकडे दुर्लक्ष वाढल्याचे अभ्यासकांना आढळले, आणि रुग्णाला आपला नेहमीचाच वैद्य भेटणेही कमी झाले. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धत मोडीतच काढली. आकडा साक्षीदार होता तोवर खरे बोलत होता. त्याला न्यायाधीश केले, आणि मग सारे त्याच्या मर्जीसाठी झटू लागले.

म्हणून तुलनाच नको, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मात्र मी बसणार नाही. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे केरळात ६, तर मध्य प्रदेशात ४३ अर्भके वर्षाच्या आत दगावली. हा फरक दैवाने केलेला नाही, हे मातेला कळावयाचे तर दोन आकडे शेजारी मांडलेच पाहिजेत. इंदूरच्या वाचकांना ४३ हा आकडा आपला वाटणार नाही, आणि ते त्यांच्यापुरते खरेही असेल. परंतु राज्याच्या सरासरीत इंदूरचे सुस्थित मोहल्ले आणि झाबुआचे पाडे एकाच ओळीत बसतात, आणि झाकले जातात ते पाडेच.

आपल्या सीमाभागात तर प्रदेश म्हणजे काय हाच प्रश्न उभा राहतो. सिंधुदुर्गातील कितीतरी रुग्ण उपचारार्थ गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात जातात. जन्ममृत्यूची नोंद घटना जेथे घडते तेथे होते. सावंतवाडीकडील एखादे अर्भक तेथे दगावले, तर नोंद गोव्याच्या वहीत होते. त्याच्या मातेची गरोदरपणात वेळेवर तपासणी झाली होती काय, हा प्रश्न मात्र सीमेच्या अलीकडच्या उपकेंद्राला विचारावयाचा असतो, आणि गोव्याची वही उघडून तेथवर पोहोचता येत नाही.