पुंडलिकाची रजा
आईबापांची सेवा चालू होती म्हणून पुंडलिकाने देवालाही विटेवर थांबवलं, आणि देव रागावला नाही. मी वारकरी घरातली, घरकामगार संघटनेत काम करते. बाळंतपणाच्या रजेचा हक्क मला याच कथेत दिसतो. सेवा आईबापांची असो की तान्ह्याची, मी फरक करत नाही.

१९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूतिलाभाची बाजू मांडली; १९२९मध्ये कायदा झाला. २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे रजा. पण घरोघरी धुणीभांडी करणारीच्या हाती यातलं काही येत नाही. ओली बाळंतीण कामावर येते, बाळ शेजारणीकडे. देव ज्या सेवेसाठी थांबला, तिचा खाडा धरून पगार कापायचा? बैठकीत मी हेच विचारते आणि भरपगारी रजेची मागणी ठरावात सगळ्यात वर लिहून घेते.