देव घडवायला डोंगर फोडावा का?



आज चिंतनाला ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र घेऊया. त्याचा गाभा असा: जगात जे जे आहे ते सगळं ईश्वराने व्यापलंय, म्हणून त्यागून भोगा, हाव धरू नका.

ऐकायला सोपं आहे. पण एक अवघड उदाहरण घेऊ.

व्हिएतनाममध्ये दा नांग शहरात संगमरवर आणि चुनखडीचे पाच डोंगर आहेत. धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती या पाच तत्त्वांवरून त्यांची नावं पडली. आपल्या पंचमहाभूतांचे जणू चुलतभाऊच! पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, भेगांत शिरतं आणि दगड कणाकणाने विरघळवतं. हजारो वर्षांनी गुहा तयार होते. जलपर्वतावरच्या हुएन खोंग गुहेच्या छताला भोकं आहेत. त्यातून उन्हाचे झोत थेट खाली उतरतात. आत बुद्धमूर्ती आहे. या डोंगरांत पूर्वी चाम लोकही पूजा करत, आणि त्यांच्यात शिवभक्ती मोठी होती.

याच डोंगरांच्या पायथ्याशी नॉन नुओक हे मूर्तिकारांचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच दगड काढून त्यांनी देव घडवले. म्हणजे देवाचं घर फोडून देवाची मूर्ती! शेवटी इथे दगड काढायला बंदी आली. आता दगड बाहेरून येतो. पण मग प्रश्न सुटला, की दुसऱ्या डोंगराकडे सरकला?

मूर्ती घडवणं चूक नाही. त्यात कला आहे, भक्ती आहे, घरं चालतात. आपल्या फ्लॅटमधला पांढराशुभ्र देव्हाराही कुठल्यातरी डोंगराचा तुकडाच आहे ना? मंत्र 'घेऊ नका' म्हणत नाही. हे माझं नाही, या जाणिवेने घ्या, म्हणतो. मग एका मूर्तीशी मन जोडलं जातं आणि हात आपोआप थांबतो. हाव असेल तर दहा मूर्ती आणूनही कपाटात जागा शोधत बसतो.

शिवाय सगळं ईश्वराने व्यापलंय हे खरं मानलं, तर न फोडलेला डोंगरही मूर्तीच झाला. त्याच्यासमोर हात जोडायला छिन्नी लागत नाही.

आज एवढंच करूया: देवासाठी नवीन काही ऑर्डर करण्याआधी, घरात आहे त्या मूर्तीसमोर पाच मिनिटं शांत बसूया. त्यानंतरही ते हवंसं वाटतंय का, बघा.

जय हरी! 🙏