एकट्याचा दस्तरखान

मुळशी तालुक्यात नोकरीसाठी घर सोडून एकटे राहणारे पुष्कळ आहेत. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतले, पिरंगुटच्या कारखान्यांतले आणि आमच्यासारखे शिक्षक. खोलीत एक शेगडी, एक लहान कुकर, मूठभर आंबेमोहोर. आम्हीच शिजवतो, आम्हीच जेवतो. अशा जेवणात बरकत असते का?

दोघांचे जेवण तिघांना पुरते, असे हदीस सांगते. मात्र सूरह नूरच्या ६१व्या आयतीत, एकत्र जेवा किंवा वेगवेगळे, त्यात गुन्हा नाही, अशी मोकळीकही आहे. काही अरब पाहुण्याविना जेवणे पाप समजत. त्यांचे हे ओझे या आयतीने उतरवले, असे भाष्यकार म्हणतात.

मग एकट्या जेवणाराची एवढी हळहळ का? आणि ती घर सोडलेल्या पुरुषाच्याच वाट्याला का? आमच्या घरांतून आई सर्वांना वाढून झाल्यावर, उरलेसुरले घेऊन, चुलीपाशी एकटीच जेवत आली. भरल्या घरातले तिचे एकटेपण कुणाला दिसले नाही. त्याला त्याग म्हटले की आपले काम संपले! मोकळीक माणूस स्वतः घेतो, रिवाज त्याच्यावर लादला जातो. आयतीने दिली ती मोकळीक. आईच्या वाट्याला आला तो रिवाज.

स्वतःपुरते रांधताना भाताचा अंदाज, कांद्याची आग, खरकट्या भांड्यांचा कंटाळा सारे कळते. एकट्या जेवणाची बरकत असेल तर ती एवढीच. सुट्टीत घरी गेल्यावर दस्तरखानावर आधी आईला बसवावे. वाढायला आमचे हात आता शिकले आहेत.