शनिवारचा मी

गाडी घ्यायची म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. बजेट किती, आणि मायलेज किती देते. मला मात्र दोन महिने तिसराच प्रश्न अडला होता: ही गाडी मी नक्की कोणासाठी घेतोय?

'माझ्यासाठी' हे उत्तर सोपं वाटतं. पण मी दोन आहेत. एक सोमवार ते शुक्रवार सिंहगड रोडवरून हिंजवडीला जातो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरच्या पीएमपीचा धूर खात. दुसरा शनिवारी पहाटे ताम्हिणी घाटात असतो. निदान तो तिथे असावा, असं पहिल्याला ऑफिसात बसून फार वाटत असतं.

हिशेब मांडला. ऑफिसला जाऊन-येऊन 45 किलोमीटर. सुट्ट्या वगळून 48 आठवडे धरले तर वर्षाला 10,800. दोन महिन्यांतून एकदा अडीचशे किलोमीटरची राइड धरली, तर 1,500. म्हणजे शंभर किलोमीटरमधले जेमतेम बारा शनिवारच्या वाट्याला. लोकशाही असती तर निकाल तिथेच लागला असता. स्प्लेंडर घे, 97.2 सीसी, 112 किलो, आणि गप्प बस. क्लासिक 350 चं वजन 195 किलो. फरक ऐंशी किलोंहून जास्त, म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस. भूमकर चौकात हा माणूस रोज पायांनी ढकलायचा, वर इंजिनाची धग पोटरीला, ती वेगळीच.

आपल्या भाषेत या पेचावर दोन म्हणी तयार आहेत आणि त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत. हौसेला मोल नाही. माझं निरीक्षण असं, की पहिली म्हण दुसऱ्याच्या खरेदीवर वापरतात, दुसरी स्वतःच्या. सरकारने मात्र हौसेला चक्क मोल लावलंय: 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवर 18 टक्के जीएसटी, त्याच्या वर 40. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांना सुटला नाही. तो एका आकड्याने सोडवून टाकला.

पण नुसत्या किलोमीटरच्या हिशेबाने मला पटत नव्हतं. लग्नातली पैठणी वर्षाला किती तास अंगावर असते, असं कोणी विचारत नाही. बारा टक्के रस्ता आठवणीत ऐंशी टक्के जागा अडवू शकतो. शिवाय एखादी गोष्ट आपण करत नसलो, तरी ती करता येईल हे माहीत असण्याला किंमत असते. खिशात चावी आहे, टाकी भरलेली आहे, मनात आलं तर उद्या पहाटे मुळशीच्या पुढे. एवढ्यावरही मंगळवार निघतो.

अडचण अशी की नेमकं हेच आपल्याला विकलं जातं. मोटरसायकलच्या जाहिरातीत लडाख असतं, समुद्र असतो, मोकळी वळणं असतात. वाकडचा ट्रॅफिक जाम मी अजून एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही. मग शनिवारचा मी खरा कोणता आणि जाहिरातीने भरवलेला कोणता? वीणेसारखं तंतुवाद्य वाजवत वाजवतच माणूस वादक होतो, असं अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये म्हटलंय. ते विकत घेण्याबद्दल तो तिथे काही बोलत नाही.

मला त्यातून एक साधी कसोटी मिळाली. आपण ज्याच्यासाठी खर्च करतोय तो माणूस गाडीच्या आधीपासून, थोडाफार का होईना, अस्तित्वात आहे का? मागच्या वर्षी मी जुन्या 110 सीसी स्कूटरवरून घाटात चार वेळा गेलो होतो. चढाला ती रडायची, पण गेलो होतो. तेव्हा शनिवारचा मी अगदीच भास नाही. पण त्याला 195 किलो लागत नाहीत, हेही त्याच चार फेऱ्यांनी सिद्ध केलं. त्याला चढावर ट्रक ओलांडण्यापुरता दम हवा आणि पावसात घसरणार नाहीत असे ब्रेक हवेत. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. प्रश्न बराच लहान झाला.

इथवर मी फक्त माझ्या दोन रूपांचं भांडण सोडवत होतो. तिसरा पक्ष शोरूममध्ये लक्षात आला. ज्या गाड्या मला देखण्या वाटत होत्या त्यांची मागची सीट वीतभर, उंच आणि पुढे उतरती. चालवणाऱ्याची हौस आणि मागच्याची शिक्षा. माझ्या मागे बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. गुडघे दुखतात, एका बाजूला बसते, आणि ब्रेक दाबला की माझा खांदा घट्ट धरते. ती कधी म्हणणार नाही की ही गाडी नको. 'तुला आवडली ना, मग झालं,' म्हणेल. जो नाही म्हणणार नाही त्याचा विचार कोणी करायचा?

गंमत म्हणजे कायद्याने केलाय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम मागे बसणाऱ्यासाठीच आहे: धरायला हॅंडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतकं झाकण, म्हणजे कपडे अडकू नयेत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो आणि गाडी घरी आल्यावर पहिल्या रविवारी पाना घेऊन काढून टाकतो, ते हेच. त्याच रविवारी काहीजण सायलेन्सरही बदलतात. मोकळेपणा त्यांचा, झोप गल्लीची.

शेवटी होंडा युनिकॉर्न घेतली. 162.7 सीसी, साधारण 140 किलो, लांब सपाट सीट. मित्रांच्या मते ही काकांची गाडी आहे, आणि तिच्याकडे सिग्नलला वळून कोणी पाहत नाही हे खरं आहे. ताम्हिणीत चौथा गिअर सोडून तिसरा टाकावा लागतो, मग ती निमूट चढते. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या मुलाने पाना हातात घेऊनच विचारलं, "सर, साडीगार्ड काढून देऊ? लूक येतो." आई सीटवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, राहू दे.