लेव्ही: आकारणी आणि जप्ती यांच्यामधली जागा

‘लेव्ही’ हा शब्द मराठीत आला तो सरकारी हुकमाबरोबर. लॅटिनमधल्या ‘उचलणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत पोहोचला, आणि तिथे त्याच्यावर बराच भार पडला. कर बसवणे, तो गोळा करणे, थकबाकीदाराची मालमत्ता ताब्यात घेणे, इतकेच काय, युद्धासाठी माणसे भरती करणे, हे सगळे इंग्रजीत या एका शब्दात सांगता येते. नागरिकाच्या दृष्टीने मात्र ही फार वेगवेगळी कामे आहेत.

मराठी व्यवहारात ती वेगळीच राहिली. घरपट्टीची आकारणी होते, मागणीचे बिल येते, मग वसुली, आणि काही केल्या पैसे भरले नाहीत तर जप्ती. आकारणी आणि जप्ती यांच्यामध्ये जी जागा उरते ती मला सर्वांत मोलाची वाटते. नोटीस, हरकत, सुनावणी, अपील हे सगळे त्या जागेत घडते. संविधानाच्या २६५व्या अनुच्छेदानुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कर बसवता येत नाही आणि गोळाही करता येत नाही. दोन कृती मुद्दाम वेगवेगळ्या सांगितल्या आहेत, हे महत्त्वाचे. आकारणी कायदेशीर असली म्हणून वसुलीची कोणतीही रीत कायदेशीर ठरत नाही.

अमेरिकेच्या करकायद्यात हा शब्द वसुलीच्या टप्प्यावर आला की सरळ ताबा घेण्याचाच अर्थ देतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला कर थकल्यावर ‘लेव्ही’ची अंतिम सूचना आली, तर तो नवा कर नसतो, त्याच्या बँक खात्यावर किंवा पगारावर हात पडणार असतो. पण त्याआधी सुनावणी मागण्यासाठी ३० दिवस मिळतात.

आपल्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. जप्तीत काय उचलता येणार नाही, याची यादी तिथे आहे: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार बाईला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे. माणसाला उद्या पुन्हा उभे राहता यावे एवढे त्याच्याजवळ राहू द्यायचे, ही त्यामागची समज आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत इतके माणूसपण क्वचितच सापडते.

धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारने शेतकऱ्याकडून सक्तीने घेतलेले धान्य, या समजुतीत बसत नव्हती. महायुद्धाच्या काळातली टंचाई, १९४३चा बंगालचा दुष्काळ, शहरांतले रेशनिंग, ही कारणे खरी होती. मुंबईतल्या गिरणी कामगाराला परवडेल असे धान्य मिळायलाच हवे होते. स्वातंत्र्यानंतरही टंचाईच्या वर्षांत लेव्ही परत येत राहिली. सरकार ठरवेल तेवढे धान्य, सरकार ठरवेल त्या भावाने द्यायचे. तिला कोणी कर म्हटले नाही, कारण पैसे मिळत होते. जप्ती म्हटले नाही, कारण काही थकलेले नव्हते. बाजारभाव आणि लेव्हीचा भाव यांत जे अंतर पडे तेवढा बोजा शेतकऱ्याने उचलायचा, पण त्याची आकारणी कुठेच लिहिलेली नसे आणि म्हणून हरकतही घेता येत नसे. शहरांना स्वस्तात जेवू घालायचे असेल तर त्याचा खर्च सगळ्या देशाने उघडपणे करायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. शेतकरी नेते शरद जोशींनी लेव्हीला शेतकऱ्याची लूट ठरवले तेव्हा गावोगावच्या माणसांना ते लगेच पटले, ते अनुभवामुळे.

साखरेचेही तसेच. १९६७-६८च्या हंगामापासून कारखान्यांनी ६० टक्के साखर लेव्हीत द्यायची आणि उरलेली खुल्या बाजारात विकायची, अशी विभागणी झाली. प्रमाण पुढे बदलत राहिले, शेवटी १० टक्क्यांवर आले आणि २०१३मध्ये ते बंधन उठले. तोवर कारखान्याला कमी मिळालेला पैसा उसाच्या भावातूनही जात होता.

हाच शब्द झारखंड-बिहारमध्ये नक्षलवादी गटांच्या खंडणीसाठी वापरला जातो. बंदूक दाखवून घेतलेल्या पैशालाही सरकारी नाव लागते, यावरून लोकांना हा शब्द किती सक्तीचा वाटत आला असेल ते कळते.

पण मुंबई-पुण्याच्या बाजारात लेव्ही शब्दाला वेगळीच किंमत आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला कायमचा मालक नसतो, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. यावर उपाय असा निघाला की व्यापाऱ्याने हमाली माथाडी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून बोनस, रजा, औषधपाणी, म्हातारपणाची पुंजी निघते. मंडळावर मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असतात. कोणाकडून, कशासाठी आणि किती घ्यायचे, हे सर्वांना ठाऊक असते; हमालाला ही लेव्ही आपल्या हक्काची वाटते.

व्यापाऱ्याने ती भरली नाही तर मंडळ आधी चौकशी करते, त्याचे म्हणणे ऐकते, रक्कम ठरवते. तरीही पैसे आले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे हमालाच्या लेव्हीसाठी व्यापाऱ्याच्या गोदामावर जप्ती येऊ शकते.