रक्ताचे डाग आणि जळालेले रोखे
इंग्लंडमधल्या यॉर्कच्या किल्ल्यातील क्लिफर्ड टॉवर या बुरुजाच्या भिंतींतून रक्त पाझरतं, अशी दंतकथा आहे. 16 मार्च 1190 च्या रात्री इथे सुमारे दीडशे ज्यू मेले आणि त्यांचं रक्त दगडांत मुरलं, असं सांगतात. साधी कालगणनाही ही कथा खोटी ठरवते. तेव्हाचा बुरूज लाकडी होता आणि तो त्याच प्रसंगात जळाला. आजचा दगडी बुरूज राजा तिसऱ्या हेन्रीने तेराव्या शतकाच्या मध्याला बांधायला घेतला. पण एवढ्यावर थांबलं, तर या कथेने काय गाळलं हे कळतच नाही. बुरुजात आसरा घेतलेल्या ज्यूंना वेढणाऱ्या जमावाचे पुढारी रिचर्ड मालेबीससारखे सरदार होते आणि ते ज्यू सावकारांचे कर्जदार होते. आतल्या बहुतेकांनी रब्बी योम टोव्ह यांच्या सांगण्यावरून स्वतःच्या हातांनी कुटुंबासह मरण पत्करलं. बाप्तिस्मा घेतल्यास जीव वाचेल या आश्वासनावर जे सकाळी बाहेर आले, त्यांनाही कापून काढण्यात आलं. त्यानंतर जमाव थेट यॉर्क मिन्स्टर या शहरातल्या मुख्य चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे त्याने जाळून टाकले. निव्वळ धर्मवेडाने बेभान झालेल्या माणसांना रोखे कुठे आहेत, हे इतकं नेमकं आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, शहराने स्मृतिफलक लावला तो 1978 मध्ये. तोवर लोकांच्या मनात ही घटना भुताखेतांच्या कथांनीच जागी ठेवली. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि लोकस्मृतीला कमी लेखण्याचं कारण नाही. मात्र यॉर्कशायरचाच इतिवृत्तकार विल्यम ऑफ न्यूबर्ग याने त्याच दशकात कर्जदारांचा लोभ आणि जळालेले रोखे स्पष्ट लिहून ठेवले होते. म्हणजे कारण ठाऊक होतं. दंतकथेने त्यातली भीती उचलली, हिशेब सोडला. रक्ताळलेली भिंत मेलेल्यांची आठवण देते, मारणाऱ्यांचं नाव मात्र सांगत नाही. आणि ज्या गुन्ह्यात गावातले प्रतिष्ठित गुंतलेले असतात, त्याची अशी आठवण गावाला सोयीची असते.

राजसत्तेला मात्र रोख्यांचं मोल बरोबर कळलं होतं. ज्यू सावकार मेला की त्याचं येणं राजाकडे जाई, त्यामुळे यॉर्कच्या आगीत खजिन्याचंही नुकसान झालं. नागरिकांना दंड झाले, फाशी कोणालाच झाली नाही. 1194 मध्ये कर्जरोख्यांच्या प्रती ठरावीक शहरांतल्या कुलूपबंद पेट्यांत ठेवण्याचा नियम आला. कागद सुरक्षित झाले. ज्यूंना 1290 मध्ये पहिल्या एडवर्डने इंग्लंडबाहेर घालवलं.