तुटणारी जहाजे आणि आमची विश्रांती

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा, अडाण, अरुणावती या आमच्या नद्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा रेतीच जास्त. वाशिमकडच्या माणसाला जहाज ठाऊक होते ते हाजी आजोबांच्या गोष्टींतून. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली आणि त्या गोष्टीही हळूहळू संपल्या. जहाजालाही आयुष्य असते, ते म्हातारे होते आणि कुणीतरी त्याचे तुकडे करतो, हे आजोबांनी सांगितले नव्हते. ते आम्हाला समजले एका खेळामुळे, आणि तोही आमच्या भाच्याच्या संगणकावर.

आमची बहीण मंगरूळपीरला राहते. मेहुण्यांचे भंगारचे दुकान आहे. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, भंगार, गॅरेज, वेल्डिंग या धंद्यांत आपली माणसे दिसतातच. शिक्षण अर्धवट सुटले, नोकरी मिळाली नाही, भांडवल नाही. तेव्हा दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूत पोट शोधायचे, हा आपल्यातल्या अनेकांचा इतिहास आहे. दुकानात जळालेले मोटारपंप, जुन्या ट्रॉल्या, तुषार सिंचनाचे फुटके पाइप, रिकामे ड्रम यांचा ढीग असतो. गॅसकटरने लोखंड कापायचे, तांबे, पितळ, बीड वेगळे करायचे, काट्यावर टाकायचे आणि ट्रक भरून पाठवायचा, असा दिवस जातो.

भाचा दिवसभर वडिलांच्या हाताखाली हे काम करतो आणि रात्री जेवण झाल्यावर वरच्या खोलीत जाऊन पुन्हा तेच करतो. फरक इतकाच की रात्री तो जहाजे तोडतो.

आम्ही विचारले, "दिवसभर तोडतोस, पुन्हा रात्रीही तोडायचेच?"

तो म्हणाला, "मामू, इथे डोकं शांत होतं."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

त्याच्याकडे असे दोन खेळ आहेत. एकाचे नाव ‘शिप ग्रेव्हयार्ड सिम्युलेटर’. त्यात किनाऱ्यावर लागलेल्या जुन्या जहाजात शिरून हातोडा आणि कटर चालवायचा आणि निघालेला माल विकायचा. दुसरा ‘हार्डस्पेस : शिपब्रेकर’, कॅनडातील ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्ह या कंपनीने केलेला, २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला. त्यात जहाजे अंतराळातली आहेत. आतली हवा आधी सोडायची, इंधनाच्या नळ्या सांभाळायच्या, मग सांधे कापायचे. काही भाग भट्टीत, काही प्रक्रियेला, काही तराफ्यावर ठेवायचे. पार्श्वभूमीला संथ गिटार वाजत असते. खेळणाऱ्याच्या डोक्यावर कंपनीचे एक अब्ज डॉलरहून अधिक कर्ज असते. हत्यारांचे भाडे रोज त्यात चढते. कामात मेलात, तर कंपनी तुमची नवी प्रत तयार करते आणि तिचा खर्चही तुमच्याच खात्यावर टाकते.

जगभर हा खेळ खेळणाऱ्यांचे मत साधारण आमच्या भाच्यासारखेच आहे. काम संथ आहे, हात गुंततो, चित्त निवते, असे ते म्हणतात. मात्र त्यांच्या तक्रारीही आहेत. जहाजांचे प्रकार मोजकेच, म्हणून पुढे पुढे तोचतोचपणा येतो. पंधरा मिनिटांच्या पाळीचे घड्याळ मागे लागते. ते बंद करून खेळण्याची सोय आहे आणि अनेकजण तीच निवडतात. सगळ्यात मोठी तक्रार कथेविषयी. मध्येच सहकारी कामगार बोलू लागतात, कंपनीच्या जाचाविषयी, संघटना बांधण्याविषयी. पुष्कळांना हे बोलणे नको असते. आम्हाला निवांतपणे जहाज तोडू द्या, असे त्यांचे म्हणणे.

प्रश्न आम्हाला येथे पडला. ज्या कामात माणसे मरतात, त्या कामाची नक्कल करून विश्रांती घेणे योग्य आहे काय?

आधी ते काम काय आहे ते पाहू. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंग येथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात. खंभातच्या आखातातील भरती फार मोठी असते. त्या भरतीवर जहाज थेट किनाऱ्यावर चढवतात. ओहोटीला ते चिखलात उघडे पडते आणि कामगार गॅसकटर घेऊन त्याला भिडतात. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश येथून आलेले हे मजूर. जुन्या जहाजात अ‍ॅस्बेस्टॉस असते, टाक्यांत तेल आणि वायू राहिलेला असतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये अलंगला एका तेलवाहू जहाजाला आग लागली आणि सहा कामगार गेले. पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर १ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच एका टँकरवर स्फोट होऊन पंचवीसहून जास्त माणसे गेली. अ‍ॅस्बेस्टॉसची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी उठतो. तोवर मजूर गावी परतलेला असतो आणि त्याचे दुखणे कोणत्या जहाजाने दिले हे विचारणारा कुणी नसतो.

हे सारे आपल्यापासून लांब आहे असेही नाही. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे तुटत आली आहेत. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली आपली पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच तोडायला घेतली. तिचे काही लोखंड वितळवून २०१६ मध्ये बजाजने मोटारसायकल काढली. ती गाडी घेणाऱ्याला तिच्या टाकीत विक्रांत आहे याचा अभिमान वाटे, आणि तो वाटावा. पण विक्रांत कापणारे हात कुणाचे, हे जाहिरातीत येत नाही. अलंगच्या जाड पत्र्यांच्या रोलिंग मिलमध्ये सळया होतात. त्या कुणाच्या स्लॅबमध्ये जातात, हे घर बांधणाऱ्याला ठाऊक नसते. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या छतातही एखादे जहाज असू शकेल.

तेव्हा आमचा पहिला विचार रागाचाच होता. दुसऱ्याच्या मरणाच्या जागेवर जाऊन चित्त निववणे हे बरे नव्हे, असे आम्हाला वाटले. परंतु राग म्हणजे निर्णय नव्हे, म्हणून तो आम्ही तपासला.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून गल्लीतून ओढतात. वर्षभर जुंपलेल्या बैलाची ही थट्टा आहे, असे कुणी म्हणत नाही. मुली भातुकली खेळतात. आईच्या चुलीपुढच्या घामाचा तो अपमान होत नाही. कामाची नक्कल हा माणसाचा फार जुना खेळ आहे आणि त्यात कामाविषयी प्रेमच असते. म्हणजे नक्कल हा गुन्हा नव्हे.

मग शांती येते कुठून? भाचा तेच काम दिवसा करतो तेव्हा त्याला ती का मिळत नाही? आम्हाला असे दिसते की माणसाला श्रमाचा तिटकारा नसतो. सांधा नेमका कापला, तुकडा सुटून आला, जागच्या जागी गेला, यात हाताचे सुख आहे. सुताराला, गवंड्याला, शिंप्याला ते ठाऊक असते. दिवसा या सुखावर भाव पडण्याची भीती बसलेली असते, उधारी बसलेली असते, चटका बसण्याचे भय असते. खेळाने ही भीती काढून घेतली आणि काम तेवढे ठेवले. या अर्थाने खेळ एक खरी गोष्ट सांगतो: भीती वजा केली तर हेच काम विश्रांती होऊ शकते. मग ही भीती प्रत्यक्षात कमी का करता येऊ नये? जहाजे सुरक्षितपणे तोडण्याविषयीचा हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला आणि लागू झाला २६ जून २०२५ रोजी. आपल्याकडे जहाज पुनर्वापराचा कायदा २०१९ मध्ये आला. खेळात जी भीती एका बटणाने जाते, ती कागदावर कमी करायलाच जगाला सोळा वर्षे लागली.

आता त्या तक्रारीकडे येऊ. सहकारी कामगार बोलतात ते नको, असे खेळणारे म्हणतात. त्यांना लगेच निर्दय म्हणणे सोपे आहे. पण त्यांची बाजू ऐकली पाहिजे. ते म्हणतात की कथा उपदेश करते, आम्हाला त्यात काही करता येत नाही, निमूट ऐकत राहावे लागते. हा आक्षेप आपल्या लेखकांनीही ऐकलेला आहे. हुंडा, तलाक, दंगल, दारिद्र्य यांवर आपण पुष्कळ लिहिले. त्यातले जे भाषणासारखे झाले ते वाचकाने मिटून ठेवले. दुःख खरे असले म्हणून कथा चांगली होत नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. काम गोड लागते आणि काम करणाऱ्याचे बोलणे अडथळा वाटते, ही केवळ खेळणाऱ्याची वृत्ती नाही. ती आपली रोजची आहे. गाडी धुणारा मुलगा बोलू लागला की आपण मोबाइलमध्ये बघतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत पाठ आहे. पण मजुरी देऊन झाली की त्याचे बोलणेही ऐकायचे असते, हे आपण पाठ केलेले नाही.

आणि येथे आम्हाला स्वतःच्या घराविषयी बोलले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या दुकानात एका बंद ड्रमला कटर लावला गेला. ड्रममध्ये पूर्वी काय होते, हे कुणी पाहिले नव्हते. आतल्या वायूने पेट घेतला. मानोऱ्याकडच्या तांड्यातला एक मुलगा कामावर होता, त्याचा हात आणि गालाची एक बाजू भाजली. दवाखान्याचा खर्च मेहुण्यांनी केला, चार महिने घरी पैसे पोचवले. लोक म्हणाले, मालक भला आहे. आम्हीही तेच म्हणालो. कटर लावण्याआधी ड्रम तपासायची रीत दुकानात का नव्हती, हे आमच्यापैकी कुणीच विचारले नाही. तो मुलगा बरा होऊन पुन्हा तिथेच कामाला लागला.

भाच्याला खेळात एक गोष्ट वारंवार शिकावी लागली होती. आतली हवा न सोडता कापले की सगळे अंगावर येते. सुरुवातीला तो खेळात कितीदा तरी मेला. एका सकाळी तो खाली आला आणि वडिलांना म्हणाला, "अब्बा, यापुढे बंद ड्रमला असा कटर लावायचा नाही. आधी झाकण उघडायचं, धुऊन पाणी भरायचं, मग कापायचं." मेहुणे म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे? दोघांत आठवडाभर बोलणे नव्हते. शेवटी ड्रम पाण्याने भरू लागले. डोळ्यांचे चष्मे आणि हातमोजे आले. चष्मे घामाने धूसर होतात म्हणून अर्धा दिवस खिळ्यालाच लटकलेले असतात, हेही खरे.

खेळाने भाच्याला नीतिमान केले असा दावा आम्ही करणार नाही. तोच खेळ खेळून हजारो लोक काहीही न घेता झोपी जात असतील. त्याच्या बाबतीत एवढेच झाले की खाली खरा ड्रम होता, खरा मुलगा होता आणि वर पडद्यावर जे शिकला ते न्यायला एक जिना होता. ज्याच्या घरात असा जिना नाही, त्याची विश्रांती विश्रांतीच राहते. ती हराम आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यावर कुणाचे तरी देणे आहे, हे म्हणू. खेळून उठल्यावर दुसऱ्याचा हात आपल्याला अधिक दिसू लागतो की कमी, यावरून ते देणे फिटते की चढते ते ठरते.

गेल्या रमजानआधी आम्ही मंगरूळपीरला गेलो होतो. त्या रात्री ट्रक भरायला उशीर झाला म्हणून तो तांड्यातला मुलगा दुकानातच थांबला होता. भाच्याने त्याला वर बोलावून खेळ दाखवला. तो बराच वेळ उभ्यानेच बघत राहिला. नंतर म्हणाला, "धूर नाही भाऊ यात. चटका पण नाही." मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "रोज किती पडतो याला?"

भाच्याने सांगितले की रोज मिळत नाही, कर्जातून वळते होते.

"मग फिटते कधी?"

भाचा काही बोलला नाही. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही बोललो नाही. खाली मेहुणे हिशोबाची वही लिहीत होते. त्या मुलाच्या नावावर उचल किती आहे, हे त्या वहीत आहे. ते आम्ही आजवर विचारलेले नाही. पुढच्या खेपेला विचारणार आहोत.